तुलनेचं शेत

माझ्या धाकट्या बहिणीला आम्ही भिंगरी म्हणतो. एका जागी बसेल तर शपथ. ती रानडुकरांवर शिकली. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, सगळेच हसतात. डुकरं कुठून येतात, कुठल्या शेतात का शिरतात, किती खातात आणि किती नासतात, त्यांना न मारता पिकं कशी राखायची, असलं सगळं शिकून ती संशोधन केंद्रात लागली. "धाकटी काय करते?" असं कुणी विचारलं की बाबा ताठ होऊन म्हणायचे, "संशोधन करते." कशावर ते सांगायचे नाहीत. ते मी सांगायचे. मला कसली आलीय लाज!

मी ताई, म्हणजे घरी राहिले ती. शेत माझ्या अंगावर, बाबा माझ्या अंगावर, आणि आई होती तोवर तिचं दुखणंही माझ्याच अंगावर. तक्रार नाही. म्हणजे आहे थोडी, पण ती आज नको.

आधी मक्याचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल की चार कणसांसाठी एवढा काय कांगावा.

आमच्या खालच्या शेतात जो मका व्हायचा तो आईचा. लग्न होऊन आली तेव्हा माहेराहून एका फडक्यात बांधून आणलेला. बुटकी धाटं, बारीक कणसं, दाणे वीटकरी आणि मधूनच एखादा काळा. दिसायला काही खास नाही. पण पीक तयार झालं की आई एकटी शेतात जायची आणि सरीसरीने फिरून बियाण्याची कणसं निवडायची. कुणाला बरोबर घ्यायची नाही. वाऱ्यात न पडलेलं धाट, टोकापर्यंत घट्ट मिटलेली सालं, खालपासून वरपर्यंत भरलेले दाणे. चिमटीत धरून, वळवून बघायची, पसंत पडलं तर पदरात. तिचं सगळं आयुष्य असं निवडण्यात गेलं, आणि तो मका हळूहळू तिच्या पसंतीचा होत गेला. ती गेल्यावर बाबा तसंच करायला लागले. पहिल्या वर्षी ते शेतात गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत म्हणून मी बघायला गेले, तर एका कणसाला हात लावून उभे होते. म्हणाले, "हे तिने घेतलं असतं का गं?" मी म्हटलं, घेतलं असतं. मला काय कळतंय त्यातलं! पण आई गेली तरी तिने निवडलेलं दरवर्षी उगवत होतं, एवढं मला कळत होतं, आणि त्या घरात आम्हा दोघांना तेवढंच पुरत होतं.

खोऱ्यात बाकी सगळ्यांनी केव्हाच विकतचं बियाणं धरलं होतं. वाऱ्याने त्यांचे पराग आमच्यात मिसळू नयेत म्हणून बाबा सगळ्यांच्या मागून पेरायचे. लोकांचे तुरे वाळले की आमचे निघायचे. त्यामुळे आमचा मका नेहमी उशिराचा.

त्या वर्षी पेरायच्या आधी बियाण्याचा डबा उघडला तर निम्म्याहून जास्त दाणे पोखरलेले. कीड लागली होती. बाबांनी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून एकेक दाणा निवडला. धड होते ते खालच्या शेतापुरते जेमतेम भरले. ते सगळे पेरले. मागे एक दाणा राहिला नाही. भिंगरी कधीपासून मागे लागली होती, "बाबा, थोडं बियाणं आमच्या शीतगृहात ठेवू या, तिथे वर्षानुवर्षं टिकतं." बाबा म्हणाले होते, "आता द्यायला काय आहे माझ्याजवळ? हे पीक येऊ दे, मग पोतंभर ने."

आणि नेमकं त्याच वर्षी भिंगरीच्या केंद्राने आमचं खोरं प्रयोगाला घेतलं.

प्रयोग असा. तारांचं कुंपण, त्यात सूर्यावर चालणारी हलकी वीज. डुकराने नाक लावलं की झटका, मरत नाही पण पुन्हा त्या वाटेला जात नाही. निम्म्या शेतांना कुंपण घालायचं, निम्म्यांना नाही, आणि शेवटी कुठे किती नासलं ते मोजायचं. ज्यांना कुंपण नाही ती तुलनेची शेतं. तिथे शेतकऱ्याने नेहमी करतो तेवढंच करायचं. डबे बडवा, बुजगावणी लावा, शेतातल्या उंच माळ्यावर बसून राखण करा, पण नवीन काही नाही. आणि कुणाला कुंपण मिळणार ते चिठ्ठ्या टाकून, सगळ्यांसमोर. उगीच वशिल्याचं नाव नको.

शाळेच्या सभागृहात चिठ्ठ्या काढल्या. काढायला उभे केले आमचे शेजारी रेडिओकाका. हे काका एकदा सुरू झाले की बंद करायचं बटण नाही, म्हणून नाव रेडिओ. भिंगरीला वाटलं असेल, हाताला काम दिलं की तोंड जरा गप्प बसेल. कसलं काय! प्रत्येक चिठ्ठीला त्यांची टिप्पणी होतीच. त्यांच्या स्वतःच्या शेताला कुंपण निघालं. त्यांच्या पलीकडच्याला निघालं. ओढ्याच्या वरच्या दोघांना निघालं. मग आमची चिठ्ठी. काकांनी ती उघडली, चष्मा वर केला आणि मोठ्याने म्हणाले, "अरेरे! दिव्याखाली अंधार!" सगळं सभागृह हसलं. बाबाही हसले. भिंगरी नाही हसली. तिने मान खाली घालून लिहून घेतलं.

घरी येताना मी तिला चांगलीच झाडली. "एक चिठ्ठी इकडची तिकडे करायला काय झालं होतं तुला? हात मोडला असता?"

"ताई, तशी केली तर मग हे सगळं करायचंच कशाला?"

"बरोबर आहे तिचं," बाबा म्हणाले.

"तुम्हाला तिचं सगळंच बरोबर असतं," मी म्हटलं, आणि घरापर्यंत दोघांशी बोलले नाही.

कुंपणं लागली. आणि काय सांगू, लोक खूश झाले! रेडिओकाकांच्या शेतात त्या वर्षी डुकराचा खूर उमटला नाही. ते रोज बांधावर येऊन सांगायचे, "काय गाढ झोप लागते हल्ली!" आम्ही डोळे लाल करून त्यांच्याकडे बघायचो. कारण आम्ही जागत होतो. बाबा वरच्या टोकाला माळ्यावर पत्र्याचा डबा घेऊन, मी खालच्या टोकाला बॅटरी घेऊन. पूर्वी कधीमधी यायची ती डुकरं आता रोज यायला लागली. चारी बाजूंना कुंपण आणि मध्ये आमचं शेत, पडलेल्या दाताच्या जागेसारखं उघडं. मी बाबांना म्हटलं, यांना कुणी आमचा पत्ता दिलाय का?

खरोखर तसंच झालं होतं म्हणा ना. लोकांचा मका तोवर वाळून टणक झाला होता. तुलनेच्या बाकी शेतांतलाही. आमच्या कणसांत मात्र तेव्हाच दूध भरत होतं.

एका दुपारी भिंगरी केंद्राची गाडी घेऊन आली. चप्पल दारात भिरकावली आणि सरळ स्वयंपाकघरात. मी भांडी पुसत होते, बाबा टेबलाशी लसूण सोलत बसले होते. तिने लॅपटॉप उघडून आमच्यापुढे ठेवला. झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांचे फोटो होते. मोठी मादी पुढे, मागे पिल्लं, त्यांच्यामागे आणखी दोन माद्या, पुन्हा पिल्लं. प्रत्येक फोटोत तो कळप कुंपणाच्या कडेकडेने चालला होता. रेडिओकाकांची कड, मग पलीकडची कड, मग ओढा, मग आम्ही.

"ताई, कुंपण डुकरांना थांबवत नाहीये," ती म्हणाली. "वळवतंय. ज्याला कुंपण आहे त्याचं नुकसान ज्याला नाही त्याच्या गळ्यात पडतंय. आणि आता अख्ख्या खोऱ्यात दुधातलं कणीस फक्त आपल्याकडे आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळे कळप इथे येणार."

मी फडकं टाकलं. "मग बघत काय बसलीयस? लाव की कुंपण!"

तिने माझ्याकडे बघितलंच नाही. बाबांकडे बघत होती. "बाबा, नियम असा आहे की मी माझ्या मनाने कुठलंही शेत प्रयोगातून काढू शकत नाही. पण शेतकऱ्याने स्वतः सांगितलं तर काढता येतं. केव्हाही. कारण विचारत नाही कुणी. तुम्ही म्हणालात तर मी कुंपण लावते."

"आणि मग तुझ्या प्रयोगाचं काय होतं?" बाबांनी विचारलं.

तिला खोटं बोलता येत नाही, हे तिचं लहानपणापासूनचं दुखणं. "कुंपणं डुकरांना कुठे वळवतात, ते आता फक्त या एका शेतात दिसणार आहे. हे गेलं तर मग बाकीचे आकडे सांगतील की कुंपण छान चाललं. केंद्र तेच छापेल, आणि मग सगळीकडे ज्याची ऐपत तो कुंपण घालेल आणि ज्याची नाही तो मरेल."

"मग अर्ध्या शेताला लाव," मी म्हटलं. "अर्धं आईचं, अर्धं तुझ्या डुकरांचं. झालं समाधान?"

"ताई, अर्धं लावलं तरी शेत बाहेरच गेलं. बाबा, तुम्ही सांगा."

बाबांनी सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. सालं गोळा केली, हाताने टेबल झाडलं. "राहू दे," ते म्हणाले. "तुझं काम बिघडायला नको. आम्ही आहोत की राखायला."

"बाबा, नक्की?"

"नक्की."

माझं डोकंच फिरलं. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण एवढं आठवतं की मी म्हटलं, "आई वर बसून कपाळाला हात लावत असेल!" आणि बाबा म्हणाले, "तिला मध्ये आणू नको." मग मी म्हटलं, मीच बाजारातून तार आणते आणि लावते. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले. "चिठ्ठी निघाली तेव्हा आपण हो म्हटलं होतं," ते म्हणाले. शब्द म्हणजे शब्द! या माणसाने आयुष्यात कधी कुणाला दिलेला शब्द मोडला नाही आणि त्यापायी आम्ही काय काय सोसलं त्याची वेगळीच गोष्ट होईल.

नंतर आम्ही होता होईल तेवढं केलं. डबे बडवून बडवून बाबांचा खांदा भरून आला. मी ओढ्याच्या बाजूला जुनी पत्र्याची दारं उभी केली, बुजगावण्यांना रोज नव्या जागी हलवलं. बाबा रोज उजाडलं की माळ्यावरून उतरून शेताच्या चारी कडांनी एक फेरी मारायचे, मग चहाला यायचे. मला वाटायचं, खूर बघायला जातात.

आणि मग ती सकाळ. बाबा चहाला आले नाहीत म्हणून मी किटली घेऊन गेले. बांधावर पोचायच्या आधीच वास आला. कच्च्या कणसांचा, गोडसर, दुधाचा. शेत नव्हतंच. म्हणजे जमीन होती, पण धाटं सगळी आडवी, चघळून टाकलेली सालं, उकरलेली माती आणि खूरच खूर. आदल्या रात्री डबा तर मी शेवटपर्यंत ऐकला होता. बाबा वरच्या अंगाला बडवत राहिले, मी मधल्या बाजूला धावत राहिले, आणि ती ओढ्याकडून, माझी पत्र्याची दारं पाडून, एकदम सगळी आत आली होती. किती होती देव जाणे. अंधारात नुसता कडकड आवाज येत होता आणि आम्ही दोघं बोंबलत होतो. किती नासलं ते उजाडल्याशिवाय दिसणार नव्हतं, म्हणून मी अंधारातच चहा करायला घरी आले होते.

बाबा मधोमध उभे होते. त्यांचा आवाज पार बसला होता. माझ्याकडे बघून त्यांनी हात हलवला, काही नाही राहिलं म्हणून. मी तिथेच बसले आणि रडले. आई गेली तेव्हा मी रडले नव्हते, तेव्हा माझ्यामागे कामं होती. त्या दिवशी मातीत बसून मी दोन्हींचं रडून घेतलं.

भिंगरी आली ती फीत आणि लोखंडी चौकट घेऊन. मोजायला! माझ्या अंगाची आग झाली.

"लाज नाही वाटत तुला? बापाच्या शेताचं मढं मोजायला आलीस?"

तिचे डोळे आधीच सुजलेले होते. म्हणाली, "आजच मोजावं लागतं, ताई. उद्या पक्षी येतात, उंदीर येतात. मग कुणी काय खाल्लं ते कळत नाही."

"कळून करायचंय काय?"

तिने चौकट मातीत ठेवली आणि वाकली. चौकटीत उभी धाटं किती, पडलेली किती, कणसं खाल्लेली किती, असं प्रत्येक ठिकाणी मोजून लिहायचं असतं. तिने पहिल्या चौकटीत बघितलं, पेन उघडलं आणि ते तिच्या हातातून निसटून खाली पडलं. बाबा चालत तिच्यापाशी गेले. पेन उचललं, शर्टाला पुसून तिच्या हातात दिलं. मग फितीचं दुसरं टोक स्वतः धरलं.

"कुठे उभा राहू?" त्यांनी विचारलं. आवाज नव्हताच, नुसती हवा.

अख्खं शेत त्या दोघांनी मोजलं. ती वाकून बघायची आणि तिच्या तोंडून आकडा निघायचा नाही. मग बाबाच वाकून बघायचे आणि सांगायचे, "उभी शून्य. लिही." पुढच्या चौकटीला पुन्हा, "शून्य. लिही, बाळ." मी बांधावर बसून हे बघत होते. त्या दिवशी मला दोघांचाही इतका राग आला होता आणि दोघांचीही इतकी दया येत होती की माझं मलाच कळेना, कुणाला जाऊन मारू आणि कुणाला जवळ घेऊ.

शेवटी तिघांनी मिळून पालापाचोळा चाळला. काही कणसांच्या टोकाला थोडे दाणे राहिले होते. नखाने दाबले तर दूध यायचं, इतके कोवळे. बाबा म्हणाले, याचं काय होणार? भिंगरी म्हणाली, कधीकधी होतं, आमच्याकडे काचेच्या बशीत, खतपाणी घालून, कोवळ्या दाण्यातूनही रोप काढतात. तिने ते दाणे ओल्या फडक्यात गुंडाळले आणि पिल्लू न्यावं तसे मांडीवर घेऊन गाडीत बसली.

त्यानंतर बाबा रोज संध्याकाळी तिला फोन करायचे. एरवी या माणसाला फोन म्हणजे शिक्षा. "उगवलं का गं?" एवढंच विचारायचे. ती सांगायची, दाणे फुगलेत. मग सांगितलं, एकाला पांढरा कोंब दिसतोय. त्या दिवशी बाबा दोनदा जेवले म्हटलं तरी चालेल. झोपण्याआधी मला सांगत होते, एक रोप आलं तरी पुरे, पण मग त्याच्या शेजारी दुसरं लागेलच, एकट्या मक्याचं काही होत नाही. मी म्हटलं, येईल हो दुसरंही.

मग एक दिवस तिचा फोन मला आला. "ताई, बुरशी आली. सगळ्यांवर. कोंब होता त्यावरही. तू सांगशील बाबांना?"

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "प्रत्येक वेळी मीच का? तुझं तू सांग."

तिने सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला घेतले. त्या दिवसापासून त्यांनी तिला फोन केला नाही. तिचा आला की बोलायचे, नाही असं नाही. तब्येत कशी आहे, जेवलीस का, हवा काय म्हणते. परक्या माणसाशी बोलतात तसं. ती मला विचारायची, बाबा रागावलेत का? मी म्हणायचे, नाही, म्हातारे झालेत. खोऱ्यातल्या सगळ्यांचं पीक घरात आलं, हिवाळा गेला, आणि ती घरी आली नाही. कामाचं निमित्त सांगायची. मलाही ती यायला नकोच होती, खरं सांगायचं तर.

पुन्हा पेरणी जवळ आली तेव्हा केंद्राचे मोठे सर आले. शाळेच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं. भिंतीवर खोऱ्याचा नकाशा टाकला. बाकी सगळी शेतं हिरवी आणि मधोमध एक तांबडं. सर म्हणाले, या एका शेतामुळे आपल्या हातून फार मोठी चूक व्हायची टळली. कुंपण ज्याचं त्याने घालायचं नाही. अख्ख्या खोऱ्याला मिळून एकच कुंपण, आत सगळे सारखे. बाकीच्या खोऱ्यांतही आता तसंच होणार, सरकारने मान्य केलंय. मग म्हणाले, हे सगळं ज्यांच्या शेतामुळे कळलं ते इथेच बसलेत, आणि त्यांनी बाबांकडे हात केला. टाळ्या वाजल्या. रेडिओकाका उभे राहिले, आता भाषण ठोकणार असं मला वाटलं, पण नुसतेच हात जोडून खाली बसले. बाबाही टाळ्या वाजवत होते. स्वतःसाठी वाजवू नयेत हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. भिंगरी सरांच्या शेजारी उभी होती, आणि तिचा चेहरा असा होता की कुणीतरी तिला खाली बसवावं.

सभा संपल्यावर ती आमच्याबरोबर घरी आली. मी चहा टाकला. बाबा टेबलाशी बसले, ती दाराला टेकून उभी राहिली. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, या वर्षी खालच्या शेतात काय लावणार?"

"लावू काहीतरी. विकतचं मिळतंच."

"मी शोधलं, बाबा. आईच्या माहेरच्या गावालाही जाऊन आले. दारोदार विचारलं. कुणाकडेच नाही राहिलेलं."

"कशाला एवढ्या लांब गेलीस? असतं तरी ते तिने निवडलेलं नसतं."

तिचा बांध फुटला. "बाबा, मग तुम्ही मला बोला ना काहीतरी! ताई बोलते तसं बोला. शिव्या घाला. पण मी तुम्हाला विचारलं होतं. इथेच, या टेबलाशी. दोनदा विचारलं."

"हो. विचारलंस."

"तुम्ही नको म्हणालात!"

"मग काय म्हणू?" बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. "तुझी एवढ्या वर्षांची मेहनत मोड आणि माझी कणसं राख, असं बाप म्हणतो का मुलीला? मी नकोच म्हणणार. पण मला वाटलं, तू ऐकणार नाहीस. जन्मात कधी ऐकलं आहेस माझं? पोहायला जाऊ नको म्हटलं, गेलीस. डुकरांवर शिकू नको म्हटलं, शिकलीस. मला वाटलं, ही आत्ता मान डोलावेल आणि मी सकाळी जाऊन बघतो तर कुंपण लागलेलं असेल. मी थोडा रागावलो असतो. मग बरं वाटलं असतं." त्यांनी टेबलावरून हात फिरवला. "रोज सकाळी बघून यायचो मी. लागलं का म्हणून."

चहा उकळत होता आणि मला गॅस बंद करायचं सुचत नव्हतं. रोजची ती फेरी मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती.

भिंगरी दारातून हलली नव्हती. तोंडावर हात धरून उभी होती. मग हात काढला आणि अगदी हळू म्हणाली, "मला नियमाने स्वतःहून काढता येत नव्हतं, बाबा. तुम्ही हो म्हणावं म्हणून तर विचारायला आले होते. एकदा हो म्हणाला असतात तर बास होतं. तारा, खांब, बॅटरी, सगळं बरोबर घेऊनच आले होते."

"कुठे?" बाबांनी विचारलं.

"गाडीत."

"आपल्या दारात होती ती?"

"हो."

गाडी त्या दिवशी आमच्या दारात अंधार पडेपर्यंत उभी होती.